फ्रेम रेंडर केल्या आणि चेहरे लांबुळके झाले?

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पाल डीव्ही (भारतातही वापरात असलेल्या टीव्ही पद्धतीच्या डिजिटल टेप) फुटेजची कंपोझिशन, म्हणजे कामाची चौकट, ७२० x ५७६ पिक्सेलची असते, पण तिचा पिक्सेल चौरस नसतो; उंचीच्या १.०९ पट रुंद असतो. तिची पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल) काढून साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडली, तर पिक्सेल चौरस धरला जातो आणि गोल घड्याळ उभं अंडाकृती दिसतं.

फ्रेम वेबसाठी किंवा छपाईसाठी हव्या असतील, तर ७८८ x ५७६ ची, स्क्वेअर (चौरस) पिक्सेलची नवी कंपोझिशन करा. जुनी कंपोझिशन आत टाका आणि नवी रेंडर करा. आउटपुट मॉड्यूलमधलं (रेंडरच्या सेटिंगमधलं) स्ट्रेच, म्हणजे चित्र ताणणं, बंदच ठेवा. प्रिव्ह्यूचं पिक्सेल आस्पेक्ट करेक्शन इथे कामाचं नाही, ते फक्त पडद्यावरचं चित्र बदलतं.

फ्रेम परत डीव्हीतच जाणार असतील, तर मात्र आकाराला हात लावू नका. ७२० x ५७६ च रेंडर करा. सिक्वेन्स इम्पोर्ट केल्यावर इंटरप्रेट फुटेजमध्ये (फाइल कशी वाचायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) पिक्सेलचा प्रकार म्हणून डी१/डीव्ही पाल निवडा. तिथेच फ्रेम रेट २५ आहे ना, तेही बघा. बहुतेकदा तो ३० असतो आणि आवाज पुढे-मागे होतो.

पूर्ण रेंडरआधी कंपोझिशनमध्ये एक वर्तुळ काढून एकच फ्रेम रेंडर करा आणि ते गोल दिसतं का पाहा (डीव्हीसाठीची फ्रेम असेल तर इम्पोर्ट केल्यावर).