सिनेमातला एक छोटा क्षण कसा उलगडून पाहावा

मी सिनेमांना सबटायटल देते. सतरा वर्षं हेच काम करतेय. एखादी ओळ पडद्यावर कधी यावी आणि कधी निघावी, हे मी फ्रेम मोजून ठरवते. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम. त्यामुळे एकच सिनेमा पाच-सहा वेळा, तोही तुकड्यातुकड्यांनी, बघावाच लागतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. ज्या जागी बघणाऱ्याचा गळा दाटतो, तिथे माझ्या फाइलमध्ये बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. आधीची ओळ संपलेली असते, पुढची यायची असते. मध्ये चार सेकंद, सहा सेकंद, कधी दहा सेकंद नुसती मोकळी जागा.

ती मोकळी जागा वाचायची कशी, ते इथे सांगते. कुणाला सिनेमावर लिहायचं असेल, कुणाला स्वतः छोटी फिल्म करायची असेल, कुणाला फक्त ‘मला नेमकं तिथेच का रडू आलं’ हे कळून घ्यायचं असेल. पद्धत तीच. वही, पेन, हेडफोन आणि मागेपुढे करता येईल असा प्लेअर, एवढं पुरतं.

आधी आठवणीतून लिहा

पहिल्यांदा सिनेमा सलग बघा. मध्ये थांबवू नका, नोंदी करू नका, समीक्षकासारखं बसू नका. जे व्हायचं ते होऊ द्या. संपला की लगेच, तो भाग पुन्हा न बघता, मनात राहिलेला क्षण लिहून काढा. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, काय ऐकू येत होतं, चेहरा जवळून दिसला की लांबून, किती वेळ चाललं. जमेल तेवढं बारीक लिहा. अंदाजही लिहा.

दुसऱ्या दिवशी तो भाग काढून वहीशी ताडून पाहा. दोन गोष्टी जवळपास नेहमी निघतात. एक म्हणजे तो क्षण तुम्हाला वाटला त्यापेक्षा बराच छोटा असतो. दुसरं म्हणजे त्यात तुम्ही स्वतःच्या पदरचं काहीतरी घातलेलं असतं.

‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) म्हातारा बर्नस्टीन एक आठवण सांगतो. १८९६ साली तो फेरीबोटीतून चालला होता. समोरून येणाऱ्या बोटीत एक मुलगी उभी होती, पांढरा पोशाख, हातात पांढरी छत्री. त्यानं तिला जेमतेम सेकंदभर पाहिलं, तिनं तर पाहिलंच नाही. आणि तेव्हापासून असा महिना गेला नसेल की ती त्याला आठवली नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वहीत लिहिलं होतं, ‘छत्रीवर ऊन.’ दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पडद्यावर छत्रीच नाही. मुलगी नाही, बोट नाही. बोलणारा म्हातारा तेवढा आहे. ते ऊन माझं होतं.

असा फरक सापडला की तो खोडू नका, त्याखाली रेघ ओढा. तुमचं मन तिथे कामाला लागलं होतं, आणि सिनेमानं ते काम मुद्दाम तुमच्यावर सोडलं होतं. पुढची सगळी शोधाशोध याच जागेची आहे.

मग स्टॉपवॉच लावून क्षण मोजा. तो कुठल्या फ्रेमला सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा फार काथ्याकूट नको. अंदाजे सेकंद पुरेत. फक्त त्यानंतरची शांतताही मोजायला विसरू नका. पुष्कळदा क्षण दोन सेकंदांचा असतो आणि तो मनात उतरावा म्हणून दिग्दर्शकानं पुढचे आठ सेकंद काहीही घडू दिलेलं नसतं.

मग मागे जा, अगदी सुरुवातीपर्यंत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्षण समजत नाही तेव्हा लोक तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावत बसतात. त्यात उत्तर नसतं. तुकडा एकटा पाहिला तर तो बहुतेक वेळा साधा दिसतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) घ्या. शेवटी गर्दीतून बाप-लेक चाललेत, आणि लहानगा ब्रूनो बापाचा हात धरतो. एवढंच. बापाचा हात धरून चालणारं मूल रस्त्यावर कुठेही दिसेल, म्हणून कुणी थांबून रडत नाही. मग इथे काय होतं?

मी हा सिनेमा पाहताना वहीत एकच गोष्ट टिपत गेले: दोघं चालताना त्यांच्यात अंतर किती. बाप अंतोनिओची सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला गेलीय, ती सापडली नाही तर नोकरी जाणार. त्याचे डोळे सायकलींवर. पोरगा मागून पळतोय. पावसात घसरून पडतो, बापाच्या लक्षातही येत नाही. पुढे चिडलेला बाप त्याच्या थोबाडीत मारतो, आणि ब्रूनो रुसून लांबून चालायला लागतो. मग नदीकाठी कुणी मुलगा बुडतोय अशी ओरड होते. बाप जिवाच्या आकांतानं धावतो आणि वर पायऱ्यांवर ब्रूनो दिसतो, धडधाकट. तासाभराहून जास्त वेळ हे अंतर कमी-जास्त होत राहतं, आणि दर वेळी ते ठरवतो बाप. मूल फक्त जुळवून घेतं.

शेवटी बापच सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात, टोपी पडते. ब्रूनो सगळं बघतो. तो टोपी उचलतो, तिच्यावरची धूळ झटकतो. रडणाऱ्या पोराकडे बघून सायकलवाला बापाला सोडून देतो. दोघं चालायला लागतात, बापाला रडू आवरत नाही. आणि हात. या वेळी अंतर मुलानं मिटवलंय. आधार कोण कुणाला देतंय, ते उलटं झालंय. हे कुणीही बोलून दाखवत नाही. एखादी ओळ असती, ‘बाबा, मी आहे ना’ असली, तर मला तिचं सबटायटल द्यावं लागलं असतं आणि तुम्ही ती वाचून पुढे गेला असता. न बोलल्यामुळे तो अर्थ तुम्हालाच लावावा लागतो, आणि जो अर्थ आपण लावतो तो आपल्याला लागतो.

तर मागे जाताना असा एकच धागा निवडा. हात, दार, नजर, अंतर, एखादी वस्तू. ती गोष्ट पहिल्यांदा कधी आली, किती वेळा आली, दर वेळी काय बदललं, ते एकाखाली एक लिहा. ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) तो धागा स्पर्शाचा आहे. आंधळ्या मुलीला तिला मदत करणारा माणूस (चार्ली चॅप्लिन) फक्त हातानं माहीत असतो. दृष्टी आल्यावर ती त्याला डोळ्यांनी ओळखत नाही. त्याच्या हातात नाणं ठेवताना तो हात ओळखते.

नजर कुठे होती?

हे मला एका चुकीनं शिकवलं. एका छोट्या सिनेमाचं काम होतं. त्यात एक मुलगी फोनवर ‘हो, पोचले’ म्हणते, फोन ठेवते, पण तिची बोटं रिसीव्हरवरून निघत नाहीत. वाचणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून मी ती ओळ जवळजवळ सेकंदभर जास्त ठेवली होती. खेळाला मी कडेच्या खुर्चीत, तोंडं दिसतील अशी बसले होते. पडद्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसलं: मुलीची बोटं थांबली तेव्हा सगळ्यांचे डोळे खाली, माझ्या ओळीवर होते. वर येईपर्यंत कट झालेला. त्या रात्री मी वीस फ्रेम कापल्या. पुढच्या खेळाला त्याच जागी कुणीतरी श्वास रोखल्याचं ऐकू आलं.

बघणाऱ्याची नजर एका वेळी एकाच जागी असते. म्हणून त्या क्षणी पडद्यावर हलतंय काय, हे विचारा. बहुतेक वेळा एकच वस्तू हलत असते. यासुजिरो ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’च्या (१९४९) शेवटी मुलीचं लग्न लावून आलेला बाप रिकाम्या घरात सफरचंद सोलत बसतो. मुलीनं लग्नाला तयार व्हावं म्हणून, आपणही दुसरं लग्न करणार असं तिला खोटंच सांगितलेला हा बाप. सालाची लांब पट्टी लोंबत जाते. मग ती गळून पडते, आणि त्याची मान खाली जाते. खोलीत दुसरं काही हलत नाही. रडणं दाखवलेलं नाही. आपण सालाकडे बघत असतो आणि ते पडल्यावर नजरेला जायला मानेशिवाय जागाच उरत नाही.

डोळे मिटून ऐका

आता तोच भाग डोळे मिटून, हेडफोन लावून ऐका. नंतर आवाज बंद करून बघा. दोन्हींत काय जुळत नाही, ते शोधा.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर खूप दिवसांनी घरी येतो. मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, दुर्गासाठी आणलेली साडीही. इथे त्याच्या बायकोचा, सर्वजयाचा बांध फुटतो. आवाज बंद करून पाहिलंत तर एक आई तोंड उघडून आक्रोश करताना दिसते. डोळे मिटून ऐकलंत तर आक्रोश नाहीच, तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच सूर आहे. संगीत रविशंकरांचं. बाईचा आवाज काढून घेतलाय आणि त्या जागी वाद्य ठेवलंय. खरं रडणं ऐकू आलं असतं तर ती सर्वजयाच रडली असती. आता तिथे ज्याच्या-त्याच्या ओळखीचा आवाज जाऊन बसतो. मी माझ्या आजीचा ऐकते.

कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, हेही एकदा विचारून ठेवा. ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. तोवर आपण त्याच्या बाजूनं बघतोय असं समजत होतो. त्या एका फ्रेममध्ये आपली जागा बदलते.

विशेषणं न वापरता लिहा

सगळ्या नोंदी झाल्या की क्षण पुन्हा लिहा. या वेळी ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’ यातलं काहीही नको. फक्त दिसतं आणि ऐकू येतं ते, आणि त्याआधी काय होतं ते. मग सिनेमा न पाहिलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्यानं मध्येच ‘मग?’ असं विचारलं तर नोंद जमली. नुसती मान डोलावली तर मागे जा, धागा चुकलाय.

माझ्या वहीतली एक नोंद, नमुन्यासाठी:

‘ला जेते’, क्रिस मार्कर, १९६२. अठ्ठावीस मिनिटं. सगळा सिनेमा स्थिर फोटोंचा, एकामागून एक. कुणी हलत नाही, याची डोळ्यांना सवय झालेली. बाई झोपलीय. फोटो. उशीवर तोंड वळलेलं, पुन्हा फोटो. एक फोटो दुसऱ्यात विरघळतोय. पक्ष्यांचा किलबिलाट वाढत चाललाय. आणखी एक फोटो. ती डोळे उघडते. पापण्या खरोखर हलतात. ती इकडे बघते. कट.