बाल्कनीत पारव्यांना दाणा घालायचा तर मोजूनच

पारव्यांना दाणा घालण्यात अवघड काय, असं विचारणाऱ्याने तो कधी वर्षभर घातलेला नसतो. दाणा टाकला की पारवे येतात, एवढं सोपं. पण दहाचे पन्नास होऊ न देणं, खालच्या मजल्यावरच्या अक्कांच्या वाळवणावर शीट पडू न देणं, एसीमागे घरटं होऊ न देणं आणि वाळल्या शिटेची धूळ आपल्या छातीत जाऊ न देणं, हे सगळं त्यानंतर येतं. पारव्याचे पूर्वज कड्याकपारीत राहणारे. आपल्या बेळगावात टिळकवाडीत, हिंदवाडीत जुनी घरं जाऊन अपार्टमेंट झाली, तशा त्यांना आयत्या कपारी मिळाल्या. ते येणारच. किती यायचे आणि किती वेळ थांबायचे, ते मात्र आपल्या हातात आहे.

घरात कुणाला दमा असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, तान्हं बाळ असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली असेल, तर दाणा घालू नका. काचेआडून बघा, तेवढ्यावर समाधान माना. सोसायटीचा आणि महानगरपालिकेचा नियमही आधी विचारून घ्या. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि हा वाद न्यायालयातही चालला, त्यामागे हाच आरोग्याचा प्रश्न होता.

जागा आणि भांडं

कठड्यावर दाणा कधीच ठेवू नका, अर्धा खाली सांडतो. कठड्याच्या आत, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच स्टुलावर दीड-दोन इंच काठाची पसरट परात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात झोडपणारा पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा परात त्या बाजूला आडोसा असलेल्या कोपऱ्यात हवी. स्टुलाखाली जुना पुठ्ठा अंथरा.

दाणा

निम्मा जोंधळा, बाकी बाजरी, भरडलेला मका आणि थोडे मसूर किंवा वाटाणे. हे सगळं रविवार पेठेत सुटं मिळतं. कच्चा तांदूळ पोटात फुगून पारवा मरतो, हे खोटं आहे. तांदूळ चालतो, फक्त नुसत्या तांदळावर ठेवू नका. शिळा ब्रेड, फरसाण, शेव, मिठाचं काहीही नको.

दोन गोष्टींत मात्र हयगय करू नका. गावाकडून आलेलं बियाणं गुलाबी-लाल दिसत असेल, तर त्याला औषध लावलेलं असतं. ते पाखराला विष आहे. साठवणीच्या धान्यात कीडनाशक गोळ्या किंवा बोरिक पावडर घातली असेल, तर तेही बाजूला. पावसाळ्यात मका सगळ्यात आधी बुरशीला लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर मका बंदच ठेवलेला बरा. जोंधळा मुठीत घेऊन हुंगा. कुबट वास आला की टाकून द्या.

परातीच्या कडेला चिमूटभर जाड वाळू आणि उकळून, वाळवून चुरलेली अंड्याची टरफलं ठेवा. पारवा दाणा चावत नाही, गिळतो. तो दळायला पोटात खडे लागतात. टरफलांतून त्याला चुना मिळतो.

किती आणि केव्हा

सगळं इथेच बिघडतं, म्हणून हा भाग नीट वाचा.

एका पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो. आपण त्यातला फार तर एक तृतीयांश द्यायचा, म्हणजे पारव्यामागे १० ग्रॅम. दहा पारव्यांना १०० ग्रॅम झाले, साधारण दोन मुठी. मुठीचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून एकदा काट्यावर तोलून एक वाटी नक्की करा आणि तीच वाटी कायम वापरा.

उरलेलं पोट पारवे दुसरीकडे भरतात. एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या आवारात सांडलेलं धान्य असतं, शिवारात शाळूच्या मळणीच्या दिवसांत तर भरपूर असतं. त्या दिवसांत तुमच्याकडे चार-पाचच पारवे येतील. ‘रुसले’ म्हणून वाटी मोठी करू नका. शहरातला पारवा तुमच्या वाटीवर जगत नाही, आणि जगूही नये.

पारवे वाढतात कसे, ते समजून घ्या. समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेले पारवे तुमच्या बाल्कनीकडे सतत बघत असतात. एक उतरला की दुसरा उतरतो. दुसऱ्या दिवशी पंधरा आले म्हणून तुम्ही दीड वाटी टाकली, तर आठवड्याभरात तीस येतात. पारवे वाढले तरी वाटी तीच ठेवायची. ज्यांना मिळत नाही ते दोन-चार दिवसांत येणं सोडतात. थोडं कठोर वाटतं, पण पन्नास पारवे गोळा करून सोसायटीने जाळी ठोकायला लावली, तर त्या पहिल्या दहांनाही काही मिळत नाही.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं. तिथे वर्षानुवर्षं पारवे मारूनही संख्या हटेना, कारण अन्न तेवढंच राहिलं की रिकामी जागा नवी पिल्लं भरून काढतात. १९८८ पासून लोकांना दाणा कमी घालायला समजावलं गेलं आणि चारेक वर्षांत पारवे जवळजवळ निम्म्यावर आले. पारव्यांची वीण अन्नाच्या हिशेबाने चालते. सढळ हाताने दाणा टाकणारा माणूस नकळत गर्दी, भांडणं आणि रोगराई वाढवत असतो.

वेळ एकच ठेवा: सकाळी, उजाडल्यानंतर तास-दीड तासाने. पारव्याला वेळ बरोबर कळते. ठरल्या वेळेच्या जरा आधी तो येतो, खातो, जातो. तुम्ही आठवण होईल तेव्हा दिवसातून चार वेळा टाकलंत, तर तो जाणार कशाला? कठड्यावर दिवसभर बसून राहील, आणि जिथे बसतो तिथेच शीट टाकतो. बाल्कनी घाण होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खिडकीवर चोच मारली, आत डोकावून बघितलं, तरी अवेळी दाणा नाही.

परात पंधरा मिनिटांत रिकामी झाली पाहिजे. उरलं तर लगेच उचला आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी घाला. रात्री पडून राहिलेला दाणा उंदीर-घुशींना बोलावतो. आठवड्यातून एक दिवस खाडा करा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी त्यांचं अडत नाही.

पाणी

इतर बहुतेक पाखरं चोचीत पाणी घेऊन मान वर करतात. पारवा चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून सलग ओढतो. म्हणून उथळ बशी कामाची नाही, इंच-दीड इंच पाणी हवं. मातीचं जड भांडं घ्या, रोज घासून पाणी बदला. तसंच ठेवलं तर डासांच्या अळ्या होतात, आणि एकाच भांड्यातून घशाचा संसर्ग सगळ्या थव्यात पसरतो.

बघायचं काय

काचेच्या आत, तीन-चार फूट मागे बसा. उभं राहून रोखून बघितलंत तर ते बिचकतात. पंखांवर दोन काळे पट्टे असलेला राखी पारवा हा मूळ रानपारव्याचा रंग. ठिपकेदार, जवळजवळ काळे, तांबूस, पांढरे हे पाळीव कबुतरांच्या मिसळीतून आलेले. या रंगांवरून आणि तुटक्या बोटांवरून आठवड्याभरात एकेक पारवा ओळखू येतो.

पिल्लू ओळखायचं तर चोचीच्या मुळाशी बघा. मोठ्या पारव्याच्या तिथे खडूसारखा पांढरा उंचवटा असतो आणि डोळा नारिंगी-तांबडा. नुकत्या उडायला लागलेल्या पिल्लाचा उंचवटा मळकट आणि डोळा तपकिरी असतो, मानेवर हिरवी-जांभळी झाक नसते, डोक्यावर क्वचित पिवळे केसही उरलेले असतात. मान फुगवून, शेपटी जमिनीला घासत, घुमत गोल फिरतो तो नर. मादीने चोच त्याच्या चोचीत घातली, की जोडी जमली समजा.

दाणे टिपता टिपता सगळे एकदम गप्प झाले आणि मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावला, तर वर बघा. बहुतेक वेळा शिक्रा किंवा घार दिसेल. आणि रिमझिम पावसात पारवा एका कुशीवर कलून एक पंख सरळ वर धरतो, काखेत पाणी जावं म्हणून. ते चुकवू नका.

शीट काढणं

वाळलेली शीट झाडूने झाडू नका. व्हॅक्युम क्लीनरही नको. धोका त्या धुळीतच असतो. तिच्यातून बुरशीचे आणि जिवाणूंचे संसर्ग होतात, आणि रोज थोडी थोडी छातीत गेली तर फुप्फुसांना त्या धुळीचं वावडं निर्माण होतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात हे सगळ्यात वाईट.

घराचं दार बंद करा, मुलांना आत ठेवा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. रुमाल बांधून भागत नाही. भांड्याच्या साबणाचे थेंब घातलेलं पाणी फवारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. मग पत्र्याच्या उलथन्याने ओली शीट कागदावर घेऊन पिशवीत बांधा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरायचं तर त्यानंतर, एका भागाला नऊ भाग पाणी घालून. टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिडबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. ही साफसफाई एक दिवसाआड करा. साफसफाईनंतर चार-आठ तासांनी कोरडा खोकला, ताप, धाप असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दाणा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना पारव्यांचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

घरटं

दाणा मिळतो तिथे बिऱ्हाड थाटू देऊ नका. नर एकेक काडी आणून मादीला देतो: खराट्याची काडी, वायरचा तुकडा, काहीही. काड्या दिसल्या की त्याच दिवशी उचला, आठवडाभर रोज. एसीच्या मागची फट हवा खेळेल अशा तारेच्या जाळीने बुजवा. सीडी टांगणं आणि प्लॅस्टिकचं घुबड ठेवणं म्हणजे पैसे वाया. दोन-चार दिवसांत पारवे त्यावरच बसतात.

अंडी दिसली तर मात्र हात लावू नका. दोन पांढरी अंडी असतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे १८ दिवस उबवतात आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांत उडतात. म्हणजे दोन महिन्यांच्या आतबाहेरचा प्रश्न. पिल्लू खाली पडलं तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप सोडून जात नाहीत. दूध किंवा भाताची पेज पाजू नका. पहिले आठ-दहा दिवस आईबाप गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा रस भरवतात, त्याला पर्याय घरात नाही. पिल्लं उडाली की त्याच दिवशी जागा ओली करून साफ करा, कारण जोडी लगेच पुढची अंडी घालायला बघते.

आजारी आणि अडकलेले

पावसाळ्यात चोचीपाशी, डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड दिसले तर ती देवी. ती डासांमुळे पसरते. एखाद्याची मान पिळल्यासारखी वाकडी होत असेल, तर दाणापाणी तीन-चार आठवडे बंद ठेवा आणि परात धुऊन उन्हात वाळवा. गर्दी मोडली की लागण कमी होते.

संक्रांतीच्या आसपास पायात मांजा अडकलेले पारवे हमखास येतात. बोटं सुजून काळी पडायच्या आत तो काढावा लागतो. पारवा हाती लागला तर टॉवेल टाकून डोकं झाकून धरा, बोथट टोकाची छोटी कात्री दोऱ्याखाली सरकवून कापा, दोरा ओढू नका. दोरा मांसात रुतला असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यातून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. बाल्कनीतल्या केराच्या डब्यात शिवणकामाचे धागे आणि विंचरलेले केस उघडे टाकू नका. पारव्यांच्या पायांना त्यांचेही फास बसतात.