पंप भरण्याआधी पान उलटून बघा

आभाळ भरून आलं आणि हवा चार दिवस दमट राहिली की पतंग अंडी घालतात आणि औषधाच्या दुकानात गर्दी होते. हे दिवस तेच आहेत. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच सांगतो: औषध आणायला निघण्यापूर्वी शेतात जा, पंचवीस-तीस झाडांची पानं उलटा आणि अंड्यांचा रंग बघा. कीड आपोआप आटोक्यात येत होती आणि नेमक्या त्याच आठवड्यात फवारा मारला, अशी पिकं हातची गेलेली मी खूप पाहिली आहेत.

पांढरट किंवा पिवळसर अंडं किडीचं. कोळशासारखं काळं अंडं तुमचं. त्याच्या आत ट्रायकोग्रामाची अळी वाढते आहे. ही परोपजीवी गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, उडताना दिसतसुद्धा नाही. मादी अंडनलिकेने किडीच्या अंड्यात आपलं अंडं सोडते, तीन-चार दिवसांत ते अंडं काळं पडतं आणि उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवसांत नवी पिढी बाहेर येते. किडीची अळी जन्मालाच येत नाही, त्यामुळे पान कुरतडलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथे एक फसगत होते. किडीचं निरोगी अंडंही फुटण्याच्या आदल्या दिवशी गडद दिसतं. पण भिंगातून पाहिलं तर काळेपणा एका टोकाला असतो. तो आतल्या अळीच्या डोक्याचा ठिपका. परोपजीवीचं अंडं सगळीकडून सारखं काळं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तसंच राहतं. रिकामं झाल्यावर त्याला नीट गोल भोक दिसतं. अळी बाहेर पडली असेल तर कवच फाटलेलं दिसतं, कधी तिने खाऊनही टाकलेलं असतं. भिंग नसेल तर अंड्यासकट पानाचा तुकडा काचेच्या बाटलीत ठेवा आणि तोंडाला पातळ कापड बांधा. चार दिवसांत कळतं. दहा अंड्यांत पाच काळी निघाली तर मी फवारणी आठवडाभर पुढे ढकलतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या नजरेचा अंदाज आहे.

माव्याचंही तसंच. हिरव्या-काळ्या माव्यात मध्येच फुगलेला, कागदासारखा कोरडा, सोनेरी-तपकिरी मावा पानाला चिकटलेला दिसतो. त्याला रोग झाला असं समजून लोक औषध वाढवतात. तो अफिडियस नावाच्या दुसऱ्या एका परोपजीवी गांधीलमाशीने पोखरलेला असतो. भोक गोल आणि कडा साफ असेल तर आपली माशी निघून गेली. कडा ओबडधोबड असेल तर बहुधा त्या माशीवर जगणारी दुसरीच माशी निघाली. मित्रालाही शत्रू असतात.

सगळ्यात जास्त चूक अळीच्या बाबतीत होते. कोटेशिया या गांधीलमाशीने आत अंडी घातलेली अळी लगेच मरत नाही. ती हलते, थोडं खातेसुद्धा, आणि तिच्या पोटात परोपजीवीची पिलं वाढत राहतात. पुढे ती बाहेर येऊन तांदळासारखे पांढरे-पिवळे रेशमी कोष विणतात. ते किडीची अंडी समजून चिरडणारी माणसं मी पाहिली आहेत. एका ओळखीच्या शेतकऱ्याने कोबीवरचे असे कोष दोन दिवस बसून वेचले आणि जाळले. मग चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्यांनी कोबी खाल्ला यात नवल काय?

ही मंडळी मुंग्या आणि मधमाश्यांच्याच हायमेनॉप्टेरा गणातली. ट्रायकोग्रामॅटिडी कुळ अंड्यांवर. ब्रॅकोनिडी आणि इकन्युमोनिडी बहुतेक अळ्यांवर. एन्सिर्टिडी पिठ्या ढेकणांवर. अफेलिनिडीतली एन्कार्सिया पांढऱ्या माशीच्या पिलांवर. ही नावं पाठ करायची गरज नाही. पण प्रत्येकीचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, हे ध्यानात ठेवा. पिठ्या ढेकणावर ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला पुठ्ठा, लावून काही होत नाही. मक्यावरच्या लष्करी अळीचा अंडीपुंज खवल्यांनी झाकलेला आणि थरांचा असतो. ट्रायकोग्रामा वरच्याच थरात अडकते, टेलेनोमस रेमस ही अंड्यांवरचीच दुसरी गांधीलमाशी आतपर्यंत पोचते.

आता दुकानाकडे. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन असल्या औषधांत दुसरं कीटकनाशक मिसळून वर टॉनिक देण्याची पद्धत झाली आहे. बोंडात किंवा पोंग्यात शिरलेल्या अळीला त्याचा फारसा धक्का लागत नाही; पानावर हिंडणारी गांधीलमाशी मात्र त्याच दिवशी मरते. मग वाचलेल्या किडीला शत्रूच उरत नाही, पांढरी माशी आणि कोळीही वाढतात, आणि दुकानदार त्यांच्यासाठी पुढची बाटली काढतो. नुकसान आर्थिक पातळीच्या वर, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होण्याइतकं गेलं असेल तर फवारा, नको कोण म्हणतंय? पण आधी ५ टक्के निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू) वापरून बघा, आणि त्याच्याही आधी पान उलटा.

ट्रायकोकार्डची शिफारस (आकडे गांधीलमाश्यांचे):
- ऊस, खोडकिडी: ट्रायकोग्रामा चिलोनिस हेक्टरी ५०,०००, दर १० दिवसांनी
- कापूस, बोंडअळी: हेक्टरी १ ते १.५ लाख
- मका, लष्करी अळी: ट्रायकोग्रामा प्रेटिओसम किंवा टेलेनोमस एकरी ५०,०००, दर आठवड्याला

इतर कामं:
- पाण्याचा निचरा
- निंदणी
- कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे), मक्यात पाहणीसाठी एकरी ५
- पक्षीथांबे एकरी १०
- अंडीपुंज हाताने वेचणे (काळे सोडून)

बांध तासून साफ करू नका. प्रौढ गांधीलमाशीला फुलांतला मध लागतो. उपाशी राहिली तर ती एक-दोन दिवसांत संपते, फुलं मिळाली तर जास्त दिवस जगून जास्त अंडी घालते. फुलोऱ्यातली बडीशेप, कोथिंबीर कडेने राहू द्या.

कार्ड आणल्या दिवशीच लावा, तेही संध्याकाळी. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, ऊन थेट पडू देऊ नका. मुंग्यांची रांग दिसली तर दुसरं झाड निवडा, एका रात्रीत पट्टी साफ होते. मुसळधार पाऊस असेल तर कार्ड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक-दोन दिवस राहू शकतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. लावण्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर त्या शेतात कीटकनाशकाचा पंप नेऊ नका, आणि शेजारी फवारत असेल तर वारा कुठून कुठे वाहतो आहे ते बघून पट्ट्या लांबच्या सरीत लावा.