बदकांची देहबोली कशी ओळखावी

कृष्णाकाठच्या गावांत, मळ्यातल्या शेततळ्यावर किंवा वस्तीवरच्या अंगणात ज्यांनी हौसेने बदके आणली आहेत, त्यांनी सुरुवातीचे काही दिवस केवळ निरीक्षणाला द्यावेत. बदक कळपात जगणारा पक्षी आहे, त्यामुळे त्याची हालचाल इतर बदकांच्या संदर्भातच वाचावी लागते.

सकाळी खुराडे उघडताच बदके मान भराभर वर-खाली करत कलकलाट करतात, तो उत्साह आणि एकमेकांची दखल असते. मात्र नर आणि मादी पाण्यात समोरासमोर हेच करू लागले, तर जोडी जमत आहे असे समजावे. पाण्यातून वर येऊन शेपटी झटकणे आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांवर पसरणे, ही निरोगी बदकाची खूण आहे.

मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ ओरडते ती मादी. वयात आलेल्या नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, म्हणून तो आजारी आहे असे समजू नये. त्याच्या शेपटीवर वर वळलेले पीसही दिसते. मस्कोव्ही जातीला मात्र हे नियम लागू नाहीत, कारण तिचा नर फिसकारल्यासारखा आवाज काढतो आणि उत्तेजित झाला की डोक्यावरची पिसे उभारतो.

बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे वर घार फिरू लागली की ते मान कलती करून एका डोळ्याने आभाळाकडे पाहते. धोका टळल्यावरही मान तिरकीच राहिली आणि तोल जाऊ लागला, तर तो आजार होय. कळपाच्या कडेला झोपलेले बदक एक डोळा उघडा ठेवते, कारण त्याच्या मेंदूचा अर्धा भाग तेवढा वेळ जागा असतो. त्याला काही झाले आहे असे मानू नये.

मीलनाच्या वेळी नर मादीची मान चोचीत धरतो, हे स्वाभाविक आहे. परंतु माद्यांच्या मानेवरची पिसे गेली असतील किंवा त्या नराला पाहून लपत असतील, तर नर जास्त झाले आहेत असे समजून एका नरामागे चार ते सहा माद्या राहतील अशी विभागणी करावी. याबाबतीत हयगय केली, तर माद्या गंभीर जखमी होतात. खुडूक बसलेली मादी अंग पसरून पिसे फुलवते आणि जवळ जाणाऱ्यावर फिसकारते. तिला न हलवता दाणा-पाणी जवळ ठेवावे. अंडी साधारण २८ दिवसांत, मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत फुटतात.

सांगली भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात चोच उघडी ठेवून धापा टाकणारे आणि पंख अंगापासून दूर धरणारे बदक तापलेले असते. त्याला लगेच सावलीत न्यावे आणि पूर्ण डोके बुडेल इतके खोल, थंड पाणी द्यावे. याच दिवसांत आटलेल्या, कुजक्या पाण्यावर चरलेल्या बदकाचे पाय लुळे पडून मान खाली लोंबू लागली, तर बोट्युलिझमची विषबाधा संभवते, म्हणून उरलेली बदके त्या पाण्यापासून तोडावीत आणि आजारी बदक तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. नेताना पाय धरून लटकवू नये, कारण बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगालगत दाबून, पोटाखाली हात देऊन उचलावे.