सुट्ट्या पैशातलं एरर कॉइन कसं ओळखायचं

एरर कॉइन म्हणजे टांकसाळीत बनवताना चूक राहिलेलं नाणं. वाण्याकडून सुट्टे आले की मी आधी नाणं वर्षाच्या बाजूने सरळ धरते आणि पान उलटतो तसं आडवं फिरवते, मागे सिंह सरळ उभे दिसले तर नॉर्मल, पण तिरके किंवा चक्क उलटे असले तर डाय (नाण्यावर छाप उमटवणारा साचा) फिरलेला होता, हा एरर सगळ्यात सोपा सापडतो कारण कोणी बघतच नाही.

मग कडा बघा. डिझाइन एका बाजूला सरकून दुसरीकडे कोरी जागा राहिलीये का, दहाच्या नाण्यात आतली चकती रिंगवर चढलीये का. उठून आलेली बारीक रेघ असेल तर डायला तडा होता, खोल गेलेली असेल तर तो ओरखडाच, त्यात जीव अडकवू नका.

वर्षाखालची खूण म्हणजे टांकसाळ: पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नाही तर कोलकाता, म्हणजे खूण नसणं हा एरर नाही! दहाच्या नाण्यावर ₹ नसणं पण नाही, आरबीआयने 2018 मध्येच 14 डिझाइन्स चालतात असं सांगितलंय.

आणि प्लीज, चिंच लावून घासू नका, मूळ चकाकी जाते ती परत येत नाही.