नववी-दहावीचं मूल शाळा बुडवायला लागलं तर काय करावं?

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवार बुडतात, मग चाचणीचे दिवस, मग सबंध आठवडा. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मूल परत येतच नाही. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) छत्र असतं. नववीत ते संपतं, आणि नेमका तेव्हाच अभ्यास जड होतो, गावातली शाळा संपल्यामुळे लांब जावं लागतं, घरातही कमावता हात म्हणून बघायला सुरुवात होते. त्यामुळे पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी वर्षअखेरीची वाट न बघता पहिल्या काही खाड्यांतच हालचाल करायला हवी. ती कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

१. हजेरीपट उघडा आणि खाड्यांचे वार बघा

महिन्याची टक्केवारी फारसं काही सांगत नाही. खाडे कधी पडतात, त्यावरून पुष्कळ कळतं. दर आठवडी बाजाराला मूल गैरहजर असेल, तर ते बहुधा घरच्या दुकानावर बसतंय किंवा धाकट्या भावंडाला सांभाळतंय. मुलगी दर महिन्याला सलग तीन-चार दिवस येत नसेल, तर तिला काही विचारण्याआधी शाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन या: नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी लागते का, कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे का. एखाद्याच विषयाच्या चाचणीला खाडा पडत असेल, तर त्या विषयाची वही मागवा. कोणत्या धड्यापासून पानं कोरी आहेत, ते लगेच दिसेल. पहिल्या तासाला नाही पण दुसऱ्याला हजर, असं असेल तर एसटीची वेळ आणि रात्रीची झोप तपासा. आणि दिवाळीच्या सुमारास मूल एकदम दिसेनासं झालं, तर घरचे ऊसतोडीला गेलेत का, याची चौकशी करा. अशा मुलाला गावात आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात ठेवता येईल का, हे टोळी निघण्याआधीच घरच्यांशी बोलून ठरवायचं असतं. मागाहून धावपळ करून फार काही हाती लागत नाही.

२. तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याच्या आत घरी

“का आला नाहीस?” असं विचारलं की “पोट दुखत होतं” हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी “शाळेतला कुठला तास नकोसा होतो?”, “मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस?” असं विचारा. समोर बसवून उलटतपासणी घेण्यापेक्षा शेताकडे जाताना किंवा भाजी निवडताना बोललेलं बरं. नजर चुकवायची सोय असली की मुलं जास्त बोलतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मात्र एक अक्षरही काढू नका.

पोटदुखीला ढोंग म्हणू नका. धास्तीने खरोखर पोट दुखतं, उलटी होते, डोकं ठणकतं. एकदा डॉक्टरांना दाखवा. शाळेच्या दिवशी दुखणं आणि रविवारी आराम, असं होत असेल तर मूळ शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर शोधायचं.

३. कारण कळलं की उपाय त्याच्याच मापाचा

अंतर हे कारण असेल, तर मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठीही मदत मिळते. दोन्हींची चौकशी शाळेच्या कार्यालयात करा.

वाटेत कोणी छेडत असेल, तर मुलीलाच घरी बसवणं ही शिक्षा तिला होते. मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ आणि गरज पडली तर पोलीस, या क्रमाने जा. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू असतील, तर गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या चाइल्डलाइनवरही कळवता येतं.

वाचताना अक्षरं चुकतात, तोंडी सगळं येतं पण लिहिताना अडतं, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातलं प्रमाणपत्र असेल, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावी सुरू होण्याची वाट पाहू नका, तपासणीलाच महिने जातात.

४. मनाची विचारपूस

या वयात शरीराला आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेची वेळ आपोआप उशिराकडे सरकते. शाळा, क्लास, परत क्लास आणि पहाटे पाचचा गजर, यात ती बसत नाही. कुठला तरी एक क्लास कमी करा. हे पालकांना पटत नाही, पण झोपेवाचून केलेलं पाठांतर टिकत नाही, हे त्यांना समजावून सांगायलाच हवं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प असेल, जेवण-खेळ-मित्र सुटले असतील, “मी नसलो तर बरं” असं बोलत असेल, तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

५. परत येण्याचा दिवस आधी ठरवून घ्या

बऱ्याच खाड्यांनंतर वर्गात पाऊल टाकणं फार अवघड असतं. “या साहेब, आठवण झाली का?” एवढं एक वाक्य पुरतं, मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा घरी. म्हणून सगळ्या विषयशिक्षकांना आधीच सांगून ठेवा. शेजारी कोण बसणार, बुडालेल्या वह्या कोणाच्या घेणार, हे ठरवा. सगळा बुडालेला अभ्यास उतरवायला लावू नका. पुढचं समजायला जे धडे लागतात, तेवढेच द्या. पहिला आठवडा अर्धा दिवस आलं तरी चालेल.

६. कागदोपत्री वाटा माहीत असू द्या

बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरीची अट आहे. आजारपण असेल, तर डॉक्टरांचे कागद त्या-त्या वेळीच शाळेत द्या. दहावीत एक-दोन विषय राहिले, तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. शाळा सुटूनच गेली असेल, तर फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. मुदत मात्र परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की लगेच जवळच्या शाळेत विचारा.