कोडला किती फाटे फुटलेत? मोजायचं कसं आणि रिफॅक्टर कधी करायचं

आधी माझी स्वतःची चूक सांगते. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. ऑफिस ऐरोलीत, ग्राहक बहुतेक घोडबंदर रोड आणि खारघरकडच्या सोसायट्या. एका शुक्रवारी कोडची गुंतागुंत मोजणारं टूल चालवलं, तर यादीत सगळ्यात वर थकबाकीवरचं व्याज काढणारं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आलं. आकडा ३८; जितका मोठा, तितकी गुंतागुंत जास्त. मला ते बघवेना. दोन दिवस बसून ते रिफॅक्टर केलं, म्हणजे काम तेच ठेवून रचना नीटनेटकी करायला घेतली, आकडा ७ वर आणला आणि खुशीत घरी गेले.

पुढची बिलं निघाली आणि एका सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन आला. “ताई, व्याज एक रुपयाने कमी कसं आलं? ऑडिटर मला विचारणार, तुम्हाला नाही.” जुना कोड प्रत्येक महिन्याचं व्याज आधी पूर्ण रुपयात करायचा आणि मग बेरीज घ्यायचा. मी आधी बेरीज घेतली, मग पूर्ण रुपयात केली. त्या फंक्शनला तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता, आणि लावायचं काही कारणही नव्हतं.

मोजण्यात माझं काही चुकलं नव्हतं, मोजल्यावर जे ठरवलं ते चुकलं. म्हणून या लेखात मोजायला थोडी जागा आणि ठरवायला जास्त.

पायरी १ : एक फंक्शन हाताने मोजा

टूल नंतर. आधी कागद-पेन घ्या. टॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी आजही सगळ्यात जास्त वापरली जाते, आणि ती मोजायला शाळेतली बेरीज पुरते. कोड वाचत जायचं आणि जिथे रस्त्याला फाटा फुटतो तिथे एक खूण करायची. प्रत्येक ‘इफ’ला (अटीला) एक, प्रत्येक लूपला (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाला) एक, अटीतल्या प्रत्येक ‘अँड’ आणि ‘ऑर’ला एक. नुसत्या ‘एल्स’ला काही नाही. शेवटी एक मिळवायचा. (पुस्तकी सूत्र आलेखाचं आहे, कडा वजा बिंदू अधिक दोन. उत्तर तेच येतं.)

आमचं बिल काढणारं फंक्शन घ्या. फ्लॅट भाड्याने दिलाय का? दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क लावा. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. एक फाटा. सभासदाच्या प्रत्येक पार्किंगसाठी लूप, दोन. लूपमध्ये दुचाकी असेल तर हा दर, नाहीतर चारचाकी असेल तर तो दर, चार. थकबाकी आहे ‘आणि’ मुदत उलटलीय, तर व्याज: एक ‘इफ’, एक ‘अँड’, झाले सहा. महिन्याचं मेंटेनन्स ७,५०० च्या वर ‘आणि’ सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, तर जीएसटी: आठ. गाळा दुकानाचा असेल तर वेगळा दर: नऊ. अधिक एक, दहा.

मॅकेब यांनी मर्यादा सुचवली तीही दहाचीच. वाजवी आहे, पण त्यात जादू काही नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हे वाक्य विसरून ‘अकरा म्हणजे नापास’ असं धरणारे टीमलीड मी पुष्कळ पाहिलेत. दहाचा खरा उपयोग वेगळा आहे. या फंक्शनमधले सगळे स्वतंत्र मार्ग तपासायचे तर निदान दहा टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) लागतील. तुमच्याकडे दोन असतील, तर काळजीचं कारण आकडा नाही, उरलेल्या आठ टेस्ट आहेत.

पायरी २ : फाटे आणि खोली वेगळी मोजा

शिळफाट्याला मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल असे रस्ते फुटतात. पाट्या वाचल्या की तिथे कुणी चुकत नाही. गावठाणातल्या गल्लीत शिरलात, त्या गल्लीतून बोळात आणि बोळातून आणखी आतल्या बोळात, तर वळणं तितकीच असूनही परतीचा रस्ता सापडत नाही. मॅकेबचा आकडा या दोन्ही ठिकाणी सारखाच येतो.

चार ‘इफ’ एकाखाली एक लिहिले तर सायक्लोमॅटिक पाच. तेच चार एकमेकांच्या पोटात घातले तरी पाच. ही उणीव भरून काढायला कोड तपासणारी टूल बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीने कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी आणली. तिच्यात प्रत्येक आतल्या पातळीचा दंड वाढत जातो. त्यामुळे सुटे चार ‘इफ’ म्हणजे चार, आणि पोटातले चार म्हणजे एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, दहा. उलटंही होतं. बारा महिन्यांच्या बारा शाखांचं स्विच (एका किमतीवरून वाट निवडणारी रचना) मॅकेबच्या हिशेबात तेरा होतं, कॉग्निटिव्हमध्ये फक्त एक. वाचणाऱ्याला ते तेराइतकं जड नसतंच.

मी दोन्ही बघते. किती टेस्ट लागतील ते पहिला आकडा सांगतो, आणि नवीन मुलाला कोड समजवायला किती वेळ जाईल त्याचा अंदाज दुसरा देतो. मेंटेनॅबिलिटी इंडेक्स मात्र मी बघत नाही. त्यात लांबी, गुंतागुंत आणि चिन्हांची मोजदाद हे सगळं एकाच आकड्यात घोटलेलं असतं, आणि तो खाली आला तर नेमकं काय बिघडलं ते कळत नाही.

पायरी ३ : टूल चालवा

हे अर्ध्या तासाचं काम आहे. पायथनसाठी रेडॉन, जावासाठी पीएमडी किंवा चेकस्टाइल, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंटचा ‘कॉम्प्लेक्सिटी’ नियम, आणि अनेक भाषांची खिचडी असेल तर लिझर्ड. प्रत्येकाची इशाऱ्याची रेषा वेगळी असते. पीएमडी आणि चेकस्टाइल दहावर ओरडतात, लिझर्ड पंधराच्या पुढे, ईएसलिंट वीसच्या पुढे. तेव्हा ‘आमच्याकडे एकही इशारा नाही’ असं कुणी म्हटलं, तर कुठल्या टूलवर ते आधी विचारा.

आपोआप तयार झालेला कोड, डेटाबेसची मायग्रेशन्स (त्याची रचना बदलणाऱ्या फाइली) आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररी यादीतून काढून टाका. सरासरीच्या नादी लागू नका. हजार फंक्शनांची सरासरी तीन येते, आणि रात्री अकराला फोन ज्याच्यामुळे येतो ते चाळीसचं फंक्शन तिच्यात बुडून जातं. वरची वीस नावं घ्या, बाकी सोडा.

पायरी ४ : कुठल्या फाइलीत किती वेळा हात जातो ते काढा

मी गाळलेली पायरी हीच. गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी विचारा, त्यातली नुसती फाइलींची नावं घ्या, कुठलं नाव किती वेळा आलं ते मोजा आणि उतरत्या क्रमाने लावा. टर्मिनलवर एका ओळीचं काम आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. कुणीतरी एकदाच सगळ्या फाइलींचं फॉरमॅटिंग केलेलं असतं, तो कमिट (गिटमधली बदलाची एक नोंद) वगळा. आणि फाइलीचं नाव बदललं असेल तर तिचा इतिहास दोन नावांत विभागला जातो, तो जोडून घ्या.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आमच्याकडे व्याजाचं फंक्शन गुंतागुंतीत पहिलं होतं, पण बदलांच्या यादीत ते नव्हतंच. पार्किंगचे दर ठरवणारं फंक्शन गुंतागुंतीत सहावं होतं, आकडा २६, आणि बदलांत दुसरं. दर सर्वसाधारण सभेनंतर कुठल्या तरी सोसायटीचा नवा ठराव यायचा: दुसऱ्या गाडीला दीडपट, स्टिल्टला (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगला) वेगळा दर, पाहुण्यांच्या गाडीला रात्री बारानंतर शुल्क. दरवेळी त्याच फाइलीत आणखी एक ‘इफ’. मी दोन दिवस द्यायला हवे होते ते इथे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये घाईच्या कोडला कर्जाची उपमा दिली, तेव्हापासून आपण ‘टेक्निकल डेट’ म्हणतो. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर आमच्या कोडमध्ये थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. कोडच्या थकबाकीचं व्याज मात्र तारखेने चढत नाही, हात लावला की चढतं. व्याजाचं ते ३८ चं फंक्शन तीन वर्षं बिनव्याजी पडून होतं.

पायरी ५ : ठरवा

दोन्ही याद्यांत वर असलेली तीन-चार नावं घ्या आणि प्रत्येकाला हे विचारा.

पुढच्या तीन महिन्यांत इथे नवं काम येणार आहे का? नसेल तर थांबा. यादीत नोंद ठेवा, पण कोड उघडू नका.

गेल्या वर्षभरात यातून किती बग निघाले? बगची तिकिटं (नोंदी) उघडून मोजा, आठवणीवर जाऊ नका. आठवण शेवटच्या भांडणाची असते.

हे समजणारी माणसं किती? एकच असेल, आणि त्याने परवा सुट्टीचा लांबलचक अर्ज टाकला असेल, तर वरच्या दोन प्रश्नांची उत्तरं काहीही असोत, तो असताना त्याच्या शेजारी बसा. रिफॅक्टर नाही केलंत तरी टेस्ट लिहून घ्या.

आणि हे आकडे जे दाखवत नाहीत तेही बघा. २०१८ च्या जानेवारीत सोसायट्यांसाठी जीएसटीची मर्यादा ५,००० वरून ७,५०० झाली. समजा तो ५,००० सहा ठिकाणी लिहिलेला आहे. त्या सहाही फंक्शनांची गुंतागुंत चारच्या आत असेल, कुठलंही टूल काही बोलणार नाही, आणि बदल करताना एक जागा हमखास राहून जाईल. फाटे मोजणाऱ्याला पुनरुक्ती दिसत नाही. ती शोधायला टीममधल्याच कुणाला तरी ‘कुठे काम करायला नको वाटतं?’ असं विचारावं. चहाच्या वेळी विचारलं तर मीटिंगपेक्षा खरं उत्तर मिळतं.

मॅनेजरकडे जाताना ‘कोड घाण आहे’ म्हणू नका. ‘पार्किंगच्या मागच्या चार बदलांना आम्ही सांगितलेल्यापेक्षा दुप्पट दिवस लागले, आणि मार्च संपल्यावर सभांचे ठराव येणार आहेत’ असं म्हणा, अर्थात ते खरं असेल तर. मला तीन दिवस मिळाले. मी पाच मागितले होते.

पायरी ६ : हात लावण्याआधी जुनं वागणं पकडून ठेवा

जुना कोड बरोबर आहे की चूक, हा प्रश्न आत्ता नाही. तो आज जे करतो ते जसंच्या तसं नोंदवायचं. आम्ही मागच्या तीन महिन्यांची खरी बिलं घेतली, सभासदांची नावं आणि फ्लॅट नंबर पुसले, जुन्या आणि नव्या कोडमधून दोन्हीकडे काढली आणि पैशापैशाने ताडून पाहिली. एका पैशाचाही फरक आला तर थांबायचं. ही जाळी आधी असती तर काकांचा फोन आला नसता.

जुन्यात चूक सापडली तर तीही तशीच ठेवा आणि वेगळं तिकीट काढा. रचना बदलणं आणि वागणं बदलणं एकाच कमिटमध्ये कधी घालू नका. बिघडलं तर कशामुळे, ते शोधत बसाल.

पायरी ७ : तुकडे करा, पण अर्थाचे

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे नकार आधी लिहिणं. ‘पार्किंगच नाही, मग शुल्क शून्य, परत जा’ ही ओळ सगळ्यात वर आणली की खालचा सगळा कोड एक पातळी बाहेर येतो. मग दरांचा तक्ता करा. स्टिल्ट, उघडं, दुसरी गाडी हे सगळे ‘इफ’ नव्हतेच, ती माहिती होती. तक्त्यात गेल्यावर नव्या ठरावासाठी कोड उघडावा लागला नाही, एक ओळ भरली की झालं.

उरलेल्याची छोटी फंक्शनं करा. इथे एक पळवाट आहे, ती मीही वापरलीय: ‘बिल भाग एक’, ‘बिल भाग दोन’, ‘बिल भाग तीन’. प्रत्येकाचा आकडा आठच्या आत येतो, टूल हिरवं होतं, आणि वाचणारा तीन फाइलींत हेलपाटे घालतो. नाव खजिनदार काकांना वाचून दाखवा. ‘दुसऱ्या गाडीचं शुल्क’ त्यांना कळतं. ‘भाग दोन’ कळत नसेल, तर तो तुकडा चुकीच्या जागी पडलाय.

पायरी ८ : कुठे थांबायचं

ज्या बदलासाठी फाइल उघडली तो सहज बसला की थांबा. आमचं २६ चं फंक्शन ९ वर आलं तेव्हा तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. आणखी दोन जागा खुपत होत्या. त्या तशाच ठेवल्या आणि ठाण्याची गाडी पकडली.

त्यानंतर नव्या कोडसाठी बिल्डमध्ये (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होतो त्या टप्प्यात) रेषा घातली. नवं किंवा बदललेलं फंक्शन कॉग्निटिव्हमध्ये पंधराच्या वर गेलं तर बिल्ड अडतो. सोनारसोर्सच्याच सोनारक्यूब टूलची ठरलेली मर्यादाही बहुतेक भाषांना हीच आहे. जुन्याला माफी. जुन्यालाही तोच नियम लावला असता तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून तो बंद करून टाकला असता.

आणि व्याजाचं फंक्शन? माझा बदल त्याच आठवड्यात मागे घेतला. आकडा पुन्हा ३८. फक्त वर एक टीप वाढलीय: ‘प्रत्येक महिन्याचं व्याज आधी पूर्ण रुपयात, मग बेरीज. टेस्ट आहेत, त्या आधी चालवा.’